रोल आहे का?

१ डिसेंबर २०२४, रविवार

कॅमेरा घ्यायचा. ठरलं. आणि रोलचाच घ्यायचा.

काल दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषणं. साहेब म्हणाले, वासुदेवराव गेटवर असताना एक खिळासुद्धा नोंद झाल्याशिवाय आत-बाहेर गेला नाही. खरंच आहे ते. खोटं लाजायचं कशाला! पुलगावात कोणालाही विचारा. आयुष्यभर मी एकच काम केलं — येणाऱ्याचा कॅमेरा जमा करायचा, टोकन द्यायचं, जाताना टोकन घेऊन कॅमेरा परत करायचा. आधी रोलचे कॅमेरे, मग डिजिटल, मग नुसते मोबाइल. एक हरवला नाही. एकाच्या काचेवर ओरखडा नाही.

आणि मी स्वतः? एकही फोटो काढला नाही. डोक्यावर पाटीच होती — छायाचित्रणास सक्त मनाई. त्यामुळे गेटवर उभा असलेला माझाही फोटो नाही. ओळखपत्रावर होता एक, तो काल जमा केला. असो. नियम म्हणजे नियम.

शोभाला सांगितलं, कॅमेरा घेतो, फोटोग्राफी शिकतो. "मोबाइल आहे न खिशात, त्याच्यात काऊन नाई शिकत?" मोबाइलला मी कॅमेरा मानत नाही. त्याला वजन कुठे आहे?

३ डिसेंबर, मंगळवार

काजल सुट्टीवर आली. माझी मुलगी जर्मनीला चालली आहे — लिहूनच ठेवतो, पुन्हा पुन्हा वाचायला बरं. सेवाग्रामला नर्सिंग केलं, तिथेच नोकरी केली, ड्यूटी करून करून जर्मन शिकली. भिंतीकडे तोंड करून घडाघडा बोलायची तेव्हा शोभा घाबरायची — "पोरगी कोणाशी भांडून राह्यली?" पाच जानेवारीला विमान. स्टेशनापासून बाजारापर्यंत माझं सगळ्यांना सांगून झालंय. दोघांना दोनदा सांगितलं.

संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मले तिथं टेबलावर ठेवायले आईचा एक चांगला फोटो पाहिजे."

इथेच तर घोडं अडतं. शोभाचा डोळे उघडे असलेला फोटो आमच्या घरात नाही. ऐन दाबायच्या वेळी मिटते! लग्नाच्या फोटोत मान खाली, काजलच्या बारशाच्या फोटोत झोपल्यासारखी. मतदान कार्डावर तेवढे उघडे आहेत, पण त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. काजलच्या मोबाइलमध्ये ढीगभर फोटो आहेत. सगळ्यांत डोळे बंद.

मी म्हटलं, मी काढून देतो. तू जायच्या आत. रोलवर.

काजल हसली. मोबाइलवर इतक्यांदा नाही जमलं ते एका रोलमध्ये कसं जमेल म्हणे. जमेल! मोबाइलवर माणूस नुसता दाबत सुटतो. रोलवर आधी बघावं लागतं. आणि बघण्याचाच तर पगार घेतला मी.

८ डिसेंबर, रविवार

कॅमेरा आला घरात!

स्टेशनमागे रूपरावांचा फोटो स्टुडिओ होता. बंद करूनही बरीच वर्षं झाली, पण माणूस अजून तसाच — बोटांवर जुन्या औषधांचे पिवळे डाग, जुने कॅमेरे कपाटात कापडात गुंडाळलेले. तीन काढून टेबलावर मांडले. नवशिक्याला यांतला कुठला, ते तुमचं तुम्हीच सांगा म्हणाले. परीक्षाच घेतली म्हणा ना.

पहिला लहानसा, प्लास्टिकचा. सगळं आपलं आपण करतो. दाबा आणि विसरा. मी बाजूला सरकवला. मला शिकायचं आहे, विसरायचं नाही.

दुसरा देखणा. बटणंच बटणं, पुढे लांब लेन्स. पण सगळा कारभार सेलवर. सेल संपला की दगड. पुलगावात तसला सेल मिळेना तर काय नागपूर गाठायचं?

तिसरा उचलला आणि हातानेच ओळखला. पेंटॅक्स के-१०००. नव्वदच्या दशकात गेटवर कितीदा तरी आला असेल, कधी ठेकेदाराच्या गळ्यात, कधी कोणा पाहुण्याच्या. भरीव, सरळ, एकही फालतू बटण नाही. मी म्हटलं, हा. रूपराव खूश. "बरोबर! याच्यात लपवाछपवी नाई. भोक किती उघडायचं, किती वेळ उघडायचं, न् नजर कुठं धरायची — तीनच गोष्टी, तिन्ही तुमाले कराव्या लागते. सेल फक्त आतल्या उजेड मोजाच्या काट्याले. काटा मेला तरी फोटो निंगते."

तेवढ्यात माझा अंगठा डावीकडच्या गुंडीखाली गेला, गुंडी वर ओढली, मागचं झाकण उघडलं. रूपराव बघत राहिले — हे कुठं शिकले?

गेटवर, आणखी कुठे! तिथे पहिला प्रश्न ठरलेला — रोल आहे का? 'आहे' म्हणाला तर झाकणाला हात लावायचा नाही, उजेड लागला की रोल जळतो. 'नाही' म्हणाला की उघडून खात्री करायची. डोकं चालवायची गरजच नाही. हाताला पाठ आहे.

जास्त लिहीत नाही गेटबद्दल. सवय.

९ डिसेंबर

शोभा विचारते, उशाशी घेऊन झोपले का? नाही. कपाटात ठेवला. नोंद करून.

११ डिसेंबर, बुधवार

काजलने नागपूरहून रोल आणला. काळापांढरा. शिकायला तोच बरा असं रूपरावांचं मत, माझंही तेच झालं आहे.

अंगणात बसून भरला. रोलची जीभ उजवीकडच्या खाचेत घालायची, लिव्हर ओढायचा, आणि डावीकडची गुंडी फिरते का ते बघायचं. फिरली नाही तर आत रोल सरकतच नाही, माणूस आपला रिकामाच फोटो काढत बसतो. माझी फिरली. पहिल्याच खेपेला! काजलने टाळ्या वाजवल्या, थट्टेने का होईना.

मग उन्हाचा हिशोब शिकलो. कडक ऊन असलं की भोक सोळावर, आणि वेळ रोलवर छापलेल्या आकड्याजवळची. ओट्यावर बसून आमच्या फाटकावर नजर बसवली, सगळं लावून ठेवलं आणि स्वतः फाटकापाशी जाऊन ऊन तपासत होतो. एवढ्यात शोभा आली. "मले पाहू द्या बरं," म्हणून ओट्यावरचा कॅमेरा उचलून थेट डोळ्याला! पट्टा गळ्यात नाही, काही नाही. मी फाटकातूनच हात पुढे केला — दे इकडे. खट!

दाबला की हिने! काय काढलं? "काय मालूम. तुमीच होते समोर."

पहिलाच फोटो वाया. तिला बोललो थोडं. तिने ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

कापसाने भरलेला ट्रॅक्टर काढला. उभा केला, ड्रायव्हरला थांबायला लावलं, काटा मध्ये आणला, मग दाबलं. ड्रायव्हर म्हणाला, "झालं का काका, कापूस पिवळा पडून राह्यला." पडू दे. घाईने काही होत नसतं.

बाकी सगळे फोटो शोभासाठी राखून ठेवले आहेत.

१८ डिसेंबर, बुधवार

शोभाला चांगलं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं. मी आकडे लावेपर्यंत ती ताठ बसून होती. दाबलं. डोळ्यांचं काय झालं ते मला कळलंच नाही!

या कॅमेऱ्याची एक खोड आहे. ऐन फोटो निघतो त्या क्षणी आतला आरसा उचलला जातो आणि माझ्या डोळ्यापुढे अंधार. ज्या क्षणाचा फोटो, तो क्षण फोटो काढणाऱ्याला दिसतच नाही. रूपराव म्हणतात, असंच असते. तुम्ही आधी पाह्यलं पाहिजे न् मग भरवसा ठेवला पाहिजे.

गेटवर भरवसा हा प्रकारच नव्हता. अवघड जातंय.

२२ डिसेंबर, रविवार

जमलं!!

खुर्चीवर बसवून बसवून रोल संपत आला, तेव्हा बसवून काही होत नाही हे ओळखलं आणि पाळत ठेवली. सांगून काढायचंच नाही. शोभा तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसली होती. काजल तिला जर्मन शिकवत होती — माझं नाव शोभा, मला भूक लागली. शोभाने तिसऱ्या वेळी काहीतरी भलतंच म्हटलं आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता शोभाने वर बघितलं. सरळ माझ्याकडे. डोळे पूर्ण उघडे, पाणी आलेलं. काटा मध्ये, नजर धरलेली. दाबलं.

अंधार झाला. पण भरवसा आहे. आला आहे तो फोटो. मी काढला! साठीत शिकून, पहिल्या रोलवर. काजलला म्हटलं, बॅगेत जागा ठेव. रोलमध्ये आता एकच फोटो उरला, तो गेटवरच्या जोडीदाराचा, कवडूचा. त्यालाही कळू दे.

२५ डिसेंबर, बुधवार

कवडूकडे गेलो. कवडू म्हणजे माझ्या बरोबरचा, त्याच गेटवरचा, दोन वर्षं आधी सुटला. चहा झाला. कॅमेरा दाखवला, शोभाच्या फोटोचं सांगितलं. तोही खूश. कॅमेरा हातात घेऊन चहूकडून बघितला. परत देताना त्याला थट्टा सुचली. उभा राहिला, पाहुण्यासारखा आवाज काढला, कॅमेरा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"नमस्कार साहेब. कॅमेरा आहे. रोल नाई."

माझा अंगठा गुंडीखाली गेला. झाकण उघडलं.

भर दुपारी. अंगणात.

फटकन बंद केलं. कवडूचा चेहरा पडला. "वासुदेवराव... रोल होता का?"

कॅमेरा गळ्यात घातला आणि घरी आलो.

२६ डिसेंबर

कॅमेरा कपाटात ठेवला. नोंद केली नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सांगावं लागलं. शोभा हसली — इतकी, की तिला पाणी द्यावं लागलं. "चाळीस वर्षं ज्याले त्याले विचारलं, रोल आहे का, रोल आहे का. आपल्याच कॅमेऱ्याले विचाराचं राह्यलं!" हसू दे. मला वाईट वाटलं आहे. फोटो गेल्याचं वाटलंच, पण जास्त वाईट हे की माझ्या हातून गेला. माझ्या हातून काही जात नाही, हे मी पुलगावभर सांगत आलो.

रूपरावांकडे गेलो. ते म्हणाले, पूर्ण नसेल जळला. काढलेला रोल आत गुंडाळत जातो. उजेड वरच्या वेढ्यांना लागतो, अगदी आतले, सुरुवातीचे, वाचू शकतात. नागपूरला धुवायला पाठवतो, पुढच्या शनिवारी येईल.

पण शोभाचा फोटो शेवटी शेवटी काढलेला. म्हणजे अगदी वरच्या वेढ्यात. नवा रोल काढून धुऊन आणायला दिवस उरलेले नाहीत. काजलला दिलेला शब्द गेला.

४ जानेवारी २०२५, शनिवार

रूपराव पाकीट घेऊन स्वतः घरी आले. अख्ख्या रोलमधून दोन फोटो वाचले.

एक ट्रॅक्टरचा. कडेने काळपट, पण ट्रॅक्टर आहे.

दुसरा माझा.

मी फाटकात उभा. मान ताठ, एक हात पाठीमागे, दुसरा पुढे — तळवा वर. शर्टाची बटणं मोजून घ्यावीत इतका स्पष्ट. मी गेटवर असाच उभा राहायचो. अस्साच. आयुष्यभर असा उभा राहिलो आणि मी कसा दिसतो ते आज पहिल्यांदा पाहिलं. चांगला दिसतो. खूप चांगला दिसतो. लिहिताना डोळे भरलेत, तर भरू देत.

रूपराव फोटोवरून नजर काढेनात. कोणी काढला हा? स्टुडिओत सगळा जन्म गेला, माणूस असा उभा करता नाही आला मले, म्हणाले. शोभा आतून म्हणाली, "मीच. एकच त दाबलता. त्याच्यावरून केवढं बोलले मले."

काजलने फोटो उचलला आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. मी म्हटलं, अगं, तुला आईचा हवा होता.

"आईचाच आहे न बाबा. तुमी असे पाहून राह्यले, ते कोणाकडं? समोर आईच त आहे."

५ जानेवारी, रविवार

काजलला विमानात बसवून आलो. घर फार मोठं वाटतंय.

दुपारी नवा रोल भरला. शोभा ओट्यावरून उठून आली, हात पुढे केला. तळवा वर.

"द्या इकडं. रोल आहे का?"

'आहे' म्हटलं. पट्टा तिच्या गळ्यात घातला, अंगठा खिशात ठेवला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.

नोंद: कॅमेरा एक. मालक — शोभा.