तिसऱ्या पानावरची नावं

सेंट लुईस
४ जून १९९३

ति. लेम्युएलदादास,
व्हर्डेलचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकल्यासारखं करतोस, म्हणून लिहिते. टेरेलला शनिवारच्या बसने तुझ्याकडे गावी पाठवतेय, शाळा उघडेपर्यंत. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं या सुट्टीत आपापल्या आजोळी चालली आहेत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. एप्रिलपासून आमच्या चर्चमधून तीन शवपेट्या निघाल्या, तिन्ही पोरं विशीच्या आतली.

माझा रेमंड गोळी लागून गेला तेव्हा टेरेल दोन वर्षांचा होता. त्याच्या आईने पुढे दुसरं घर केलं, मी तिला नाव ठेवत नाही. पण आता हा सोळाचा झालाय, चालतो थेट बापासारखा, आणि तो घरी येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. दादा, माझ्याकडे हा एकच उरलाय.

रेमंडच्या थडग्यावर माती पडायच्या आधी तू मला शब्द दिला होतास, की आपल्या घराण्यात यापुढे बंदूक राहणार नाही. बाबांचं रिव्हॉल्व्हर नदीत टाकल्याचं तुझं पत्र अजून माझ्या बायबलमध्ये आहे, रेमंडच्या अंत्यविधीच्या कागदाशेजारी. ज्या घरात बंदूक नाही असं आपलं एकच घर मला माहीत आहे, ते तुझं. म्हणून पाठवतेय.

पोरगा खादाड आहे. वहिनींना सांग, मक्याची भाकरी लपवून ठेवायची. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
व्हर्डेल

---

कोल्डवॉटर बेंड, मिसिसिपी
११ जुलै १९९३

चि. व्हर्डेलीस अनेक आशीर्वाद.

तुझा नातू सुखरूप आहे, आणि आमची कोठी रिकामी आहे. ओझेल म्हणते, पाच पोरं वाढवली पण असा भस्म्या पाहिला नाही. पहिले आठ दिवस साहेब कानात ते गाणं कोंबून ओसरीवर बसले होते. नवव्या दिवशी मी पुढ्यात चवळीच्या शेंगांची टोपली ठेवली आणि सांगितलं, सोलशील तर जेवशील. आता माझ्यापेक्षा भराभर सोलतो. मासे मात्र धरता येत नाहीत, गळाला लागले तर घाबरून सोडून देतो.

संध्याकाळी बाबांच्या गोष्टी ऐकायला बसतो. पंचावन्न साली त्या गोऱ्यांच्या दोन गाड्या अंगणात आल्या आणि बाबा ओसरीवर नुसते बसून राहिले, मांडीवर हात ठेवून, ती गोष्ट त्याने चारदा सांगायला लावली. त्याला आपल्या बापाबद्दलही विचारायचं होतं. सांगितलं जेवढं सांगवलं तेवढं.

तू पोराला फार पदराखाली ठेवतेस, व्हर्डेल. राग मानू नकोस. पण रेमंडच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं, हे मला अजून खातं. असो. तुझ्या गुडघ्यांना तेल चोळत जा. आमच्याकडून माया आहेच, तुझ्याकडूनही येत राहो.

तुझा,
लेम्युएलदादा

---

सेंट लुईस
१२ सप्टेंबर १९९३

ति. दादास सप्रेम नमस्कार, वि. वि.

अरे, कुणाचा पोरगा पाठवलास मला? माझा कुठे ठेवलास? हा मला आजीबाई म्हणतो, ताट उचलतो, रविवारी न सांगता चर्चला येतो! चार बोटं उंच झालाय. वहिनींचा पीचचा मुरंबा त्याने बसमध्येच अर्धा संपवला, तेव्हा एवढं काही बदललेलं नाही.

एक गंमत. त्याची बॅग मला उघडू देत नाही. म्हणतो, दादाजींनी सांगितलंय की पुरुषाने आपली बॅग आपण लावावी. मी म्हटलं, बरं बाबा, तेवढीच माझी कंबर सुटली. शाळा उघडली म्हणून त्याला ते फुटबॉलच्या संघाचं जाकीट घेऊन दिलंय. सगळ्या पोरांकडे आहे म्हणे.

दादा, तीन महिने मी खिडकी बंद करून झोपले. तुझे उपकार कसे फेडू? असाच पाठीशी राहा.

तुझी धाकटी,
व्हर्डेल

---

सेंट लुईस
१० नोव्हेंबर १९९३

दादा,

टेरेल गेल्याचं पास्टरांनी तुला फोनवर कळवलंच आहे. कसा गेला ते मी कळवते.

शनिवारी दुपारी, शाळेमागच्या कोपऱ्यावर, दोन पोरांनी त्याला अडवलं. त्यांना जाकीट हवं होतं. शेजारचा कीथ बरोबर होता, त्याने सगळं पाहिलं. टेरेलने एक बाही काढली होती. एकच बाही राहिली होती, दादा. जाकीट देऊन तो घरी आला असता, मी ओरडले असते, आणि आम्ही जेवलो असतो. तेवढ्यात त्याचा हात कमरेला गेला. कीथ म्हणतो, त्याने दोनदा खटका ओढला आणि काहीच झालं नाही. मग त्या पोराने आपली काढली.

पोलिसांनी मला पिशवीतलं रिव्हॉल्व्हर दाखवलं. मी हे ओळखते का, असं विचारलं. मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली आहे, बाबांनी गुंडाळलेली. मी सहा वर्षांची होते, तार मीच धरली होती. आतल्या गोळ्या चाळीस वर्षांपूर्वीच्या, म्हणाले.

मी घरी येऊन बायबलमधलं तुझं पत्र काढलं. त्यात लिहिलंय, पुलाच्या मधोमध उभा राहून टाकलं, आणि टाकताना प्रार्थना म्हटली. कुठली प्रार्थना म्हटलीस, दादा?

व्हर्डेल

---

कोल्डवॉटर बेंड
१३ नोव्हेंबर १९९३

चि. व्हर्डेल,

काय तोंडाने लिहू. पुलापर्यंत गेलो होतो हे खरं आहे. मधोमध उभाही राहिलो. पण माझ्या हाताने ते सुटेना. पंचावन्न सालच्या त्या रात्री आपण सगळे जळून मेलो असतो, व्हर्डेल, तू, मी, आई. बाबांच्या मांडीवर ते होतं म्हणून आपण आहोत. परत आणून तांदळाच्या डब्यात ठेवलं, आणि तुला पत्र लिहिलं, कारण तुला तेच वाचायचं होतं. चौदा वर्षं चर्चमध्ये डीकन म्हणून प्रार्थना सांगायला उभा राहतोय, ते पोटात ठेवून.

पोरगा निघायच्या आदल्या दिवशी रडला. म्हणाला, मला परत जायला भीती वाटते, आजीबाईंना सांगू नका. मी काय करणार होतो? गावी ठेवून घ्यायला हवं होतं, आता सुचतं. तेव्हा बाबाच आठवले. त्याला बजावलं होतं, की हे काढायचं नाही, नुसतं जवळ असू दे. गोळ्यांचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

वीस तारखेला मी येतोय. त्याची पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत मला घे. शेवटची प्रार्थना मला म्हणू दे. मोठा भाऊ म्हणून नाही, भीक म्हणून मागतो. आशीर्वाद लिहायचं धाडस होत नाही.

लेम्युएल

---

सेंट लुईस
२२ नोव्हेंबर १९९३

लेम्युएल,

तू शनिवारी आलास, शेवटच्या बाकावर बसलास, ते मी पाहिलं. वहिनींना मी मिठी मारली. तुझ्याकडे आले नाही, ते तूही पाहिलंस. दारातल्या बाईने सगळ्यांना अंत्यविधीचा छापील कागद दिला आणि तुला दिला नाही. तिच्यावर रागावू नकोस, मी सांगितलं होतं.

ज्याने मारलं तो सतरा वर्षांचा आहे. त्याची आजी माझ्या ओळखीची निघाली, तीही नातवाला दर उन्हाळ्यात गावी पाठवायची. तिच्यावर मला राग धरता येत नाही. ती मला कधी काही बोलली नव्हती, मी तिच्यावर कधी विसंबले नव्हते. तुझ्यावर विसंबले. सगळं शहर वाईट म्हणून मी पोराला तुझ्या दारात आणून सोडलं, आणि तू माझा केसाने गळा कापलास. पोरगा घाबरला होता, हे तू मला कळवायचं होतंस. मी पळत आले असते. दुखरे गुडघे घेऊन पळत आले असते रे! मी त्याला घेऊन तिथेच राहिले असते, चवळी सोलत.

बाबांनी आपल्याला वाचवलं, हे मला मान्य आहे. पण बाबा ओसरीवर स्वतः बसले होते. त्यांनी ते तुझ्या कमरेला खोचून तुला अंगणात पाठवलं नव्हतं.

तो कागद सोबत पाठवतेय. अशा कागदांनी माझं बायबल आता मिटत नाही, दोरीने बांधून ठेवते, तुझ्या बायबलमध्ये जागा असेल. पहिल्या पानावर त्याचा शाळेतला फोटो आहे. आत त्याची माहिती आहे, सोळा वर्षांची, अर्ध्या पानात बसली. त्याच्या आधी गेलेल्यांत रेमंडचं नाव आहे, बाबांचंही आहे.

मागे कोण कोण राहिलं, ती यादी तिसऱ्या पानावर आहे. त्यात ओझेल वहिनी आहेत, तुझी पाचही मुलं आहेत. पास्टर म्हणाले, राग जातो, छापलेलं राहतं, पुन्हा विचार करा. मी म्हटलं, राहतं म्हणूनच. ती नावं वाचताना तुला वाटेल की छापणाऱ्याकडून एक नाव सुटलं. तसं नाही. कागद छापायला देण्याआधी मी तो दोनदा वाचला होता.

व्हर्डेल