सहा महिन्यांनी या, बाबाजी

तिरुपूर,
शुक्रवार, सुट्टीचा दिवस

ती. मुकेशभाऊजी यांच्या सेवेशी,

आदेशचा वाकून नमस्कार, आणि वाकलोच आहो तर छायाताईलेही एक. मी इथं मजेत आहे. तुमची खुशाली मले रोज सकाळी ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गुलाबाच्या फुलावरून समजते (फूल आलं म्हणजे बोरगावच्या घरात सगळे उठले, चहा झाला आणि कोणी भांडून नाई राह्यलं, असं मी धरून चालतो). तुमचा गुडघा कसा आहे? स्वीटीचे दुधाचे दात पडाले लागले म्हणे. पडू द्या, त्या पोट्टीले नवे येणार आहेत. माझं तसं नाई, आणि हे पत्र त्याच्याच पायी लिहून राह्यलो. तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कायले? तर त्याचं एक कारण आहे, ते मंग सांगतो. अक्षराले नावं ठेवू नका. नववी अर्धी सोडली तेव्हापासून सहीशिवाय मी पेनाले हात लावला नाई.

तर भाऊजी, सवाल असा आहे की माणसानं डॉक्टरकडं जाऊन दात किती दिवसांनी साफ करून घ्यावे. बाबाचं मत तुमाले माहीतच आहे, जन्मात एकही डाव नाई. बाबा गोवरीची राख बोटावर घेते, खसखस घासते, दुकानापुढच्या नालीत चूळ टाकते, आणि साठी उलटली तरी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दातानं ओढून काढते. देवळीच्या स्टँडवर त्याच्या पंक्चरच्या दुकानात बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाले त्यानं सांगितलं आहे, "त्या खुर्चीत एक डाव बसला का दात आपले राह्यत नाई, डॉक्टरचे होऊन जाते." इथल्या डॉक्टरबाईचं मत आहे, सहा महिन्यांनी. आणि माझं मत होतं, पंधरा दिवसांनी. आता तुम्ही म्हणाल, ज्या पोट्ट्याले आंघोळीसाठी हाक मारा लागत होती त्याले हे काय झालं? तेच सांगतो, पण आंघोळीपासून नाई, खर्र्यापासून सांगा लागते.

खर्रा इथं भेटत नाई. देवळीतून निघताना आणलेल्या पुड्या पंधरा दिवसांत संपल्या. मंग मी स्वतःच सुपारी आणली, चुना आणला, तंबाखू आणला आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून घासू लागलो. खोलीतला प्रेम (हा बिहारचा, पोरगा चांगला आहे, पण झोपेत गाणं म्हणते) म्हणे की हे काय भांडे घासून राह्यला? तो माल असा बनला की आठ-दहा महिन्यांत खालच्या दातांच्या मागं काळी भिंत उभी राहिली आणि ब्रशाले रक्त येऊ लागलं. मी तरी गेलो नसतो. पण गिरणीत माझं काम कापसाच्या गाठी खोलाचं आहे, आणि पांढऱ्या कापसावर थुंकीचा एक लाल ठिपका पडला की मुकादम अख्खी गाठ वापस काढाले लावते. (त्या गाठी कुठून कुठून येतात. कधी एखाद्या गाठीवर आपल्याकडच्या जिनिंगचं नाव असते. तशी आली की मी तिच्यावर दोन मिनिट बसून घेतो. मुकादमाले वाटते मी थकलो.) तर प्रेमनं मले बस स्टॉपजवळ, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर दाताच्या दवाखान्यात नेऊन सोडलं.

खुर्ची मोठी न्हाव्याच्या खुर्चीसारखी, पण न्हावी तुमाले पालथा-उताणा करत नाई. डॉक्टरबाईचं अर्धं तोंड कपड्यानं झाकलेलं. तिनं तोंडात एक नळी अटकवली, डोळ्यावर दिवा मारला, आरसा आत घातला, आणि आपल्या नर्सले तामिळमध्ये काहीतरी म्हणाली. त्या सगळ्या कटकट-कटकटमध्ये भाऊजी, मले एक शब्द साफ ऐकू आला. "खर्रा." मी नळीसकट उठून बसलो. आणि ती तामिळ बाई, वर्ध्यापासून दीड दिवसाच्या रस्त्यावर, मले म्हणते, "काऊन उठून राह्यले, बाबाजी? पडून राहा नं चुपचाप!"

अकरा महिन्यांत मले कोणी "काऊन" म्हटलं नव्हतं. इथं पोट हिंदीवर भरते, तामिळचे पाचसहा शब्द पाणी-भात मागण्यापुरते येतात, आणि ताईचा फोन आला की ती तुमच्या शेजारणींसाठी म्हणून शुद्ध बोलते. माझ्या डोळ्यातून पाणी आलं. तिले वाटलं, दुखून राह्यलं.

मंग समजलं की बाईंचं पाच वर्षांचं शिक्षण आपल्या वर्ध्याजवळच्या कॉलेजात झालं. पण त्यांची मराठी सगळी पेशंटच्या तोंडून आलेली, आणि पेशंट सगळे खेड्यावरचे बुढे, म्हणून त्या मले, चोवीस वर्षांच्या माणसाले, "बाबाजी" म्हणतात. आणि शब्द फक्त तोंडापुरते. आ करा. चूळ भरा. थुका. कोणता दुखते? थंड पाणी झोंबते काय? किती वर्षं खाऊन राह्यले? याच्या बाहेर एक शब्द नाई. वावर, पाऊस, बाजार, काहीच माहीत नाई. मी म्हटलं, मॅडम, देवळी पाह्यली काय? तर म्हणतात, देवळीचे पेशंट पाह्यले. फक्त रागावणं मात्र त्यांचं एक नंबर आहे. तिथं यशोदाबाई म्हणून एक आया होती, ती पेशंटाले रागवत असे, तिच्यापासून शिकल्या. माझी काळी भिंत पाहून म्हणाल्या, "काऊन गा, हे तोंड हाय का उकिरडा? मायबापानं बत्तीस मोती देल्ले अन् तू त्याची नाली करून टाकली!" भाऊजी, तोंडात नळी होती म्हणून, नाहीतर मी म्हटलं असतं, अखीन एक डाव म्हणा.

मशिनच्या सुईनं अर्धा तास घर्रघर्र केलं. घरी आलो तर दातांमधून हवा जाऊन राह्यली. जिभेले भिंत सापडेना, ती रात्रंदिवस आतून चाचपून राह्यली, भाड्याचं घर खाली झाल्यासारखं. बाबाचं खरं की काय, दात हलाले लागले, असं वाटून दोन दिवस मी नुसता दहीभात खाल्ला. पण दात हलत नव्हते, दुसरंच काही हललं होतं.

म्हणून पंधरा दिवसांनी परत गेलो. मॅडम म्हणाल्या, साफ कराले काही नाई, जा. मी म्हटलं, मागून पाहा. मागून पाह्यलं, जा. त्यातही एक गंमत अशी की मी जातो बोलाले आणि त्या पह्यलेच तोंडात नळी घालतात. त्या विचारतात, "जेवण बरोबर होऊन राह्यलं काय?" आणि मी म्हणतो, "आँ आँ." अकरा महिन्यांचं साचलेलं बोलणं, आणि निघते नुसतं आँ आँ.

तिसऱ्या डावाले मी डोकं लावलं. पानवाल्याकडून काथ आणला, पाण्यात कालवून रात्रपाळी सुटल्यावर दाताले चोपडला, की वाळून चांगला काळा होईल. पण झोप लागून गेली. दुपारी उठलो तर ओठापासून गळ्यापर्यंत आणि उशीवर लालच लाल. प्रेमनं पाह्यलं आणि असा चिल्लावला की मुकादम आला, मुकादमानं साहेब आणला, आणि कापसाच्या धुळीनं फुप्फुस फाटलं असं ठरवून मले गाडीत आडवं घातलं. मी सांगून राह्यलो, काथ आहे, काथ! तर साहेब म्हणते, बोलू नको, ताकद जाते. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. छाती एकदम साफ निघाली. मोठ्या डॉक्टरनं मंग बोटानं माझा ओठ पुसला, बोट नाकाशी नेलं, आणि माझ्याकडं असं पाह्यलं की तशी नजर मी आयुष्यात एकाच माणसाची पाह्यली आहे.

तो माणूस म्हणजे बाबा, आणि त्या दिवसाबद्दलही लिहून टाकतो. बाबा कोणाले काही मागत नाई, हे साऱ्या देवळीले माहीत आहे. त्यानं आयुष्यात एकाच माणसापुढं शब्द टाकला, जिनिंगवाल्या बबनरावांपुढं, तोही माझ्यासाठी. त्यांनी मले गेटवर खुर्ची दिली. आणि मी चार दिवसांत, कोणाले न सांगता, ती खुर्ची सोडून निघून गेलतो, कारण मले बसून राहणं जमत नाई. बबनराव बाबाच्या दुकानात आले, नुसती हवा भरून घेतली आणि गेले. त्याच दिवशी बाबानं माझ्याकडं तसं पाह्यलं आणि म्हणाला, "आजपासून मले तुझा आवाज ऐकाचा नाई." बाबानं बोललेला शब्द आजवर कधी फिरवला नाई. चूक माझी होती. नोकरी सोडल्याची नाई, न सांगता सोडल्याची. हे मी तेव्हाच बोलाले पाह्यजे होतं, पण तेव्हा मले फक्त पळता येत होतं.

तर दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं गेलो. ती गोष्ट गिरणीतून त्यांच्यापर्यंत पोचली होती. यशोदाबाईचं असेल नसेल तेवढं सगळं त्यांनी बाहेर काढलं. "भैताडा," म्हणाल्या, "काऊन करतं असं?" यावेळी त्यांनी नळी घातली नव्हती. मी म्हटलं, मॅडम, दातासाठी नाई येत, रागावून घ्याले येतो. इथं मले कोणी आपल्या बोलीत रागवत नाई.

त्यांनी तोंडावरचा कपडा काढला. मंग हळूच, अर्धी मराठी अर्धी हिंदी करून म्हणाल्या की वर्ध्याले असताना त्या रविवारी स्टेशनवर जात. चेन्नईकडं जाणारी गाडी दोन मिनिट थांबते. त्या जनरलच्या डब्याच्या दाराशी उभ्या राहत, काही घेत नसत, कोणाशी बोलत नसत. आतले लोक जागेवरून तामिळमध्ये भांडत असत, ते भांडण ऐकत. गाडी गेली की होस्टेलवर वापस. "पाच वर्षं," म्हणाल्या. "पण मी कधी दाताले काथ नाई लावला, बाबाजी."

आणि त्यांनी कागदावर तारीख लिहून दिली, सहा महिन्यांनंतरची. दर पंधरा दिवसांनी मशिननं दात घासले तर दाताचं नुकसान आहे, खर्रा सुटला तर वर्षातून एक डावही चालेल, आणि तारखेच्या आधी आलास तर मी तामिळमध्ये बोलीन, असं म्हणाल्या. ती धमकी लागू पडली. खर्रा मी सोडला आहे (आज नववा दिवस आहे, सातव्या दिवशी दुधाची पिशवी पाहूनच तोंडाले पाणी सुटलं होतं). म्हणजे आता दात काळे होणार नाई, म्हणजे कागदावरची तारीखही पुढं जाईल. मी शहाणा होऊन राह्यलो तसतसा मले रागावणारा माणूस दूर जाऊन राह्यला, असा हिशेब झाला. अशा शहाणपणाचं काय कराचं, तुम्हीच सांगा.

बाकी इथं सगळं ठीक. जेवण बरोबर होऊन राह्यलं. ताईले नमस्कार, स्वीटीले पापा. पडलेला दात छपरावर फेकला की नाई ते कळवजा.

तुमचा साळा,
आदेश

ता.क. काथाची गोष्ट ताईले सांगू नका. ती आधी रडन, मंग साऱ्या बोरगावले सांगन.

ता.क. दुसरा. आता खरं काम. तुम्ही रविवारी देवळीले जाऊन बाबाच्या दुकानात बसता. मी तेव्हा फोन केला आणि तुम्ही स्पीकर लावला की बाबा उठून पंप माराले लागते, ते मले इकडं ऐकू येते. पण त्याचा शब्द असा होता की माझा आवाज ऐकाचा नाई. पत्रात माझा आवाज नाई, वाचाल तर तुमचा आहे. म्हणजे त्याचा शब्दही मोडत नाई. तर हे पत्र त्याच्यापाशी बसून मोठ्यानं वाचजा. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहत असन तेव्हा सुरू करजा, तेव्हा त्याले उठता येत नाई. जिनिंगचं लिहिलं आहे तिथं घाई करू नका. हे ता.क. मात्र सगळे मनात वाचजा.

ता.क. तिसरा. वाचता वाचता तो मले शिव्या द्याले लागला तर भाऊजी, हात जोडतो, त्याले थांबवू नका. चुपचाप मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करजा, आणि पुऱ्या होऊ द्या. मले सहा महिने काढाचे आहेत.