परतूर, खरेदी

॥ श्री ॥
आष्टी, दि. ८ जानेवारी २०२५

चि. सौ. अर्पितास अनेक आशीर्वाद.

तू माहेरी गेल्याला आज सतरा दिवस झाले. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर माझा आवाज परेडचा लागतो, चांगलं बोलायला गेलो तरी दरडावल्यासारखं वाटतं. म्हणून पत्र. पत्राची सवय फौजेतली आहे, पण सुनेची माफी मागायची सवय कुठलीच नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

चोवीस वर्षं फौजेत काढली आणि पुढची अठरा पुण्यात एका कंपनीच्या गेटवर. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, कशासाठी, हे लिहून घेण्यात जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी कायमचा घरी आलो, तर इथे माझ्यासाठी कामच उरलेलं नव्हतं. तुझ्या सासूने, साळूबाईने, चाळीस वर्षं घर एकटीने चालवलेलं. मग मी दाराशी वही टांगली आणि बाहेर जाताना वेळ आणि कारण लिहायचा हुकूम सोडला. सोमेश्वर पोटचा पोर, तो हसला; तू मुकाट्याने लिहीत गेलीस. साळूबाईने त्या वहीकडे कधी बघितलंसुद्धा नाही आणि तिला काही म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हणजे सगळी फौजदारी एकट्या तुझ्यावर.

चार मंगळवार तू ‘परतूर, खरेदी’ लिहिलंस आणि चारही वेळा पिशवी रिकामी आणलीस. गेटवर असतो तर अशा नजरेबद्दल शाबासकी मिळाली असती. त्यात गावातल्या वसंताने तुला जालन्याच्या स्टँडवर पाहिल्याचं सांगितलं. तुझा भाऊ मच्छिंद्र जावळाचं आमंत्रण घेऊन आला, तेव्हा त्याच्यासमोर आणि शेजारच्या दोघांसमोर मी ती वही वाचून दाखवली. घरची सून सहा सहा तास कुठे असते, असं विचारलं. साळूबाईने आतून बस करा म्हटलं, तर तिलाही गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी तू भावाबरोबर निघून गेल्यावर तिने मला सांगितलं. दिवाळीत तुझं तीन महिन्यांचं गेलं, आणि तू जालन्याला दवाखान्यात जात होतीस. घरात एवढं घडलं, आणि त्याच दिवाळीत मी चिवड्यात मीठ कमी म्हणून तुला बोललो होतो. माझी मलाच शरम वाटते. वही काढून टाकली. शेजारच्या दोघांना बोलावून माझंच चुकलं असं सांगितलं, कारण सांगितलं नाही. मच्छिंद्रसमोर हेच सांगायला राजूरला येऊ का, ते कळव.

साळूबाई माझ्याशी कामापुरतं बोलते. पोरगी घरी येत न्हाई तोवर मला चहा मागायचा न्हाई, असं बजावलं आहे. तो मी स्वतः करतो आणि तो बिलकुल चांगला होत नाही.

राग खुशाल ठेव, पण आपलं माणूस समजत राहा.

तुझा मामा,
रामराव


राजूर, दि. १९ जानेवारी २०२५

ती. मामांना अर्पिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. चतुर्थीच्या गर्दीत दादाच्या प्रसादाच्या दुकानावर बसावं लागलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. खोटं मी चार वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी हात जड झाला. पण त्या रकान्यात मी काय लिहायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. वही दाराशी होती, दूधवालासुद्धा उभ्या उभ्या वाचायचा. दादाला मी अजून कारण सांगितलेलं नाही. तो जेवताना माझ्याकडे बघत नाही. इथे येऊ नका, वहिनी शंभर प्रश्न विचारील. फोनवर त्याची समजूत घाला.

एक गोष्ट आत्यांना विचारून लिहिते. ह्यांच्या जन्माआधी आत्यांचीही दोन पोटातच गेली होती. तुम्ही तेव्हा सरहद्दीवर होता. आत्यांना पत्र शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घ्यावं लागायचं, आणि असलं त्यांच्यासमोर कसं बोलायचं म्हणून आत्यांनी तुम्हाला कळवलंच नाही. दिवाळीत माझ्या उशाशी बसून त्यांनी हे मला सांगितलं. आता तुम्हाला कळलं तरी चालेल म्हणाल्या.

मंगळवारी, २८ तारखेला, दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी आहे. भूल देणार आहेत, कागदावर घरच्या माणसाची सही लागते. ह्यांना कारखान्यात त्या दिवशी सुट्टी मिळेना. आत्या येणार आहेत, पण कागद वाचून बघणारं कोणीतरी हवं. तुम्ही याल का? सकाळी नऊची वेळ आहे. आष्टीला परत यायचं की नाही, ते मी त्यानंतर ठरवीन.

गोळ्या वेळेवर घ्या. चहात साखर निम्मी घाला, म्हणजे बरा होईल.

आपली,
अर्पिता


आष्टी, दि. २४ जानेवारी २०२५

चि. सौ. अर्पितास अनेक आशीर्वाद.

टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून हे सोमेश्वरच्या हाती देतो. मी येतो.

मच्छिंद्रला फोन केला. तुझ्या बहिणीचा काही दोष नाही, ती कुठे जात होती ते तिच्या सासूला बराबर ठाऊक होतं, हलकी नजर माझी होती, असं सांगितलं. मग मला त्याने एवढंच विचारलं की तुम्ही जेवलात का.

साळूबाईला त्या गेलेल्या दोन जिवांबद्दल विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्ही बर्फात होता, मंग कशाला सांगायचं. त्या वर्षी मी तिला लिहिलं होतं की तुझी पत्रं फार छोटी येतात, जरा सविस्तर लिहून घेत जा. मला ते पत्र आठवतं. मी ते तंबूत बसून मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

आता आजची गोष्ट. सकाळी स्टँडवर मंगळवारच्या गाडीची वेळ विचारायला गेलो, तिथे वसंता भेटला. कुठं निघालात म्हणाला. माझ्या तोंडून लगेच निघालं, जालन्याला, पेन्शनच्या कामाला. जराही अडखळलो नाही. त्याने बरं म्हटलं आणि तंबाखू पुढे केली. मला कोणी चार माणसांत उभं केलं नाही. घरापर्यंत येताना मान वर होईना. बेचाळीस वर्षं मी लोकांचं खोटं पकडत आलो आणि एकदाही कोणाला विचारलं नाही की बाबा, तुला खोटं का बोलावं लागलं.

परत येण्याचं तू ठरव. मी आणि साळूबाई मंगळवारी नऊच्या आत दवाखान्याच्या दारात असू. माझी सही कुठे करायची, तेवढं दाखव.

तुझा मामा,
रामराव