पंचाचा निळा शर्ट

सर, आज शालेय बेसबॉलसाठी नव्या पंच मुली रांगेत उभ्या केल्या आणि तुमच्यासारखंच एकेकीला तपासलं. बूट, पट्टा, नखं, खोचलेला शर्ट. एकीचे ओठ थरथरत होते. मी तिला काही बोललेसुद्धा नव्हते. ते पाहून मलाच धस्स झालं, म्हणून लिहायला बसले.

अकरावीत तुम्ही मला पंच केलंत. निळा पूर्ण बाहीचा शर्ट, करडी पँट, काळे बूट. "पंच लहान असला तं चालते, गबाळा चालत नाही. कपडे पाहूनच निम्मं भांडण मिटते," असं तुम्ही म्हणायचात. चुरगळलेला शर्ट घालून आलेल्या एका मुलीला तुम्ही आमच्यादेखत तिच्या गावी, मोताळ्याला, परत पाठवलंत. ती रडत एसटीत चढली. तेव्हापासून तुमची शिट्टी ऐकली की मी आधी शर्ट नीट खोचून घ्यायचे.

त्या वर्षी शेतात बीटी कपाशी होती. अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनीच लावली, पण तुडतुडे काही सुटले नाहीत आणि फवारणीही सुटली नाही. बाबांच्या शर्टाच्या बाह्या फाटलेल्या. घरात धड बाह्यांचा शर्ट एकच, माझा. तो घालून त्यांनी दिवसभर पाठीवर पंप वागवला. संध्याकाळी आईने शर्ट दोन पाण्यांतून काढला आणि दोरीवर टाकला. सकाळी मी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली.

मलकापूरच्या मैदानावर तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत. "हाव, असा पायजे पंच!" मी हवेत होते. मग छातीवर पॅड, तोंडावर जाळी, आणि ऊन तर मी म्हणत होतं. तिसऱ्या डावात शर्ट घामाने पाठीला चिकटला. तोंडाला पाणी सुटलं ते थांबेना. समोरून येणारा चेंडू पुसट दिसायला लागला, बोटं आपोआप उडायला लागली. वाटलं, मी आता इथेच मरणार. आणि तेवढ्यातही वाटत होतं, सर रागावतील.

मी जाळीतच ओकले. तुम्ही धावत आलात, शर्टाचा वास घेतलात आणि पांढरेफटक पडलात. तुम्हाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काऊन वं, फवारणीचा शर्ट घातला? तुले वास नाही आला?"

"नाही सर. मले माहीत नव्हतं."

एका संघाबरोबर आलेल्या बाईंनी मला नळाखाली धरलं, तुमचाच शर्ट माझ्या अंगात घातला. सलाईन संपेपर्यंत तुम्ही सरकारी दवाखान्यात नुसत्या बनियनवर बसून होतात. तुम्ही, ज्यांना एक उघडं बटण खपत नसे.

चार दिवसांनी घरी येऊन तुम्ही बाबांना म्हणालात, "भाऊ, पोरगी गेली असती ना हो! तिले सांगाचं तरी, या शर्टानं फवारलं म्हून." बाबांनी मान वर केली नाही. "चुकलं सर," एवढंच बोलले. मी दाराआड उभी होते.

सर, शर्ट मीच त्यांना दिला होता. आणि वास आला होता. गरम तांब्या फिरला तसा तो घरभर सुटला, आई विहिरीवर होती. तरी मी घातला. विष बाधेल की नाही कोण जाणे, पण तुम्ही परत पाठवाल हे नक्की होतं.

तुमच्यामागे बाबाही गेले आता. आई अजून त्यांनाच बोल लावते आणि मी ऐकून घेते. तिला वाचता येतं, म्हणून हा कागद घरात ठेवायचीही मला भीती वाटते.