हात धरणारा

१४ फेब्रुवारी १९७१, रविवार

आणलं! सोंग आणलं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलंय. आता खाटेवर बसायची छाती होत नाही. उंबऱ्यात बसून लिहितोय.

बाला विचारलं नाही. बा रानात होता, आई पाण्याला गेलेली. माळ्यावरची पाटी उतरवली, वेताळ बाहेर काढला, तेवढ्याच वजनाचं लाकूड आत ठेवलं आणि फडकं होतं तसं बांधलं. राजूरपर्यंत चालत, पुढं शहरापर्यंत एस्टी. अकोले स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "मांडीवर काय हाय रं, कोंबडा?" मी व्हय म्हणालो.

वेताळाला कोंबडा म्हणालो!

मुक्ताबाई, नाटक शिकवतात त्या, म्हणतात, वहीला काहीच ठाऊक नसतं असं धरून लिहायचं. तर लिहितो. आमच्या गावात चैत्रात बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची लाकडी तोंडं बांधून नाचतात, त्याला सोंग म्हणायचं. एकेक सोंग एकेका घराचं. वेताळ आमच्या घरचा. बा नाचतो. सोंगाच्या डोळ्यांना तांदळाएवढी भोकं, आतून काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून एकानं नाचणाऱ्याचा हात धरून पुढं चालायचं. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून तो हात मी धरतो.

एरवी सोंग उघडायचं नाही. अवेळी उघडलं तर घरातल्या कुणाचे तरी डोळे जातात.

हे सगळं ठाऊक असून आणलं.

१६ फेब्रुवारी

का आणलं ते काल लिहिणार होतो. लाकडाच्या वखारीत कामाला आहे मी; दोन ट्रक सागवान उतरवलं, हात वर होईना.

इथं शहरातच सावेडीला एका बंगल्यात संस्था आहे. ज्यांच्या पाठीशी कुणी नाही अशांना बोलावतात — नाटक करा, गोष्ट करा, जागा आम्ही देतो. चुकलं तरी चालेल म्हणतात. असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. वखारीत चुकलं तर बोट जातं. तिथं एकजण बैलबाजाराची फिल्म करतोय, त्याला कॅमेरा दिलाय आणि वर सांगितलंय, घाई करू नको. मी तिथं खुर्च्या दुरुस्त करायला गेलो होतो. मुक्ताबाई शिकवत होत्या, मी दारात उभा. म्हणाल्या, "आत या की. खुर्च्या नंतर ठोका."

बोहाड्याचं सांगितलं तर डोळे मोठे करून ऐकलं. यावरच नाटक कर म्हणाल्या. पण लोकांपुढं उभा राहिलो की माझा आवाज जातो. मी म्हणालो, तोंड झाकलं तर जमेल. त्या म्हणाल्या, "मग ते सोंग आणता येईल का तुला?"

येईल म्हणालो. चौथी शिकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारणार, म्हणून म्हणालो.

२१ फेब्रुवारी, रविवार

सोंग बांधून तालीम केली. आवाज फुटला! लई मोठा. माझाच का, कळेना.

मुक्ताबाईंनी विचारलं, "घरी विचारून आणलंस ना?"

"व्हय."

हे दुसरं खोटं व्हय. पहिलं एस्टीत म्हणालो होतो.

३ मार्च

करवतीनं अंगठ्याचं साल गेलं. शेठ म्हणाले लक्ष कुठं असतं तुझं. सांगू कसं, खाटेखाली असतं.

१९ मार्च

घरून कार्ड आलं. गुरुजींच्या अक्षरात. तसंच उतरवतो —

"तुझ्या वडिलांस डोळ्यास अंधारी येते. औषध चालू आहे. बोहाडा ९ एप्रिलपासून. हात धरण्यास वेळेवर येणे."

अंधारी!

वखारीत तसाच उभा राहिलो. गोरक्ष माझ्याच खोलीत राहतो, सायकलच्या दुकानात कामाला, संस्थेत पडदे बांधायला येतो. संध्याकाळी कार्ड दाखवलं तर तो म्हणाला, "आरं म्हातारपनी येतीच अंधारी. माझ्या आज्याला तर म्हशीतली गाय कळत नव्हती." हसला. मी हसलो नाही. त्याला वेताळाचं सांगितलेलं नाही, नुसतं लाकडी तोंड म्हणून सांगितलंय.

२० मार्च

बाचे डोळे मी घेतले.

२२ मार्च

आजच सोंग घेऊन गावाला जावं असं ठरवलं. स्टँडपर्यंत गेलो. परत आलो. ४ एप्रिलला प्रयोग आहे, पुण्याहून माणसं येणार आहेत, मुक्ताबाईंनी माझ्या नावाचा कागद दारावर लावलाय. आजवर माझं नाव कुठल्या दारावर लागलेलं नाही.

प्रयोग करायचा, पाच तारखेला निघायचं, कुणी बघायच्या आत सोंग पाटीत ठेवायचं. नारळ फोडून माफी मागायची. वेताळ तोवर थांबेल का?

२८ मार्च, रविवार

तालमीत पडलो. सोंगातून दिसलं नाही, पायरी चुकली. इथं माझा हात धरायला कोण आहे!

३ एप्रिल, शनिवार

झालं ते लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

संध्याकाळी वखारीतून आलो तर गोरक्ष सोंग मांडीवर घेऊन बसलेला. तोंडभर हसत. "हे बघ छगन्या, तुझ्यासाठी काय केलं. आता आरपार दिसंल तुला."

कानशीनं घासून डोळे मोठे केले होते. बोरासारखी दोन भोकं. कडेनं पांढरं लाकूड उघडं पडलेलं, आणि चटईवर भुसा.

मी त्याला ढकललं. काय बोललो आठवत नाही. तो भिंतीला टेकून म्हणाला, "आरं तू पडू नाय म्हनून केलं रं!" नंतर त्याला सगळं सांगितलं. तोही मटकन खाली बसला. "मी येतो तुझ्यासंगं. मार मला खाऊ दे."

दोघं सावेडीला गेलो. मुक्ताबाईंना खरं सांगितलं, सोंग घरी न विचारता आणलं ते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तू आणतो म्हणालास आणि मी खूश झाले. तुझ्या घरी एक पत्र टाकायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चूक संस्थेची पण आहे." उद्या सोंग बाहेर काढायचं नाही असं ठरलं. मी म्हणालो, मग प्रयोग नको. त्या म्हणाल्या, "तू वेताळ नाहीसच छगन. तू हात धरणारा. त्याचं तोंड तर उघडंच असतं ना?"

४ एप्रिल

केलं. उघड्या तोंडानं. एक हात मागं धरून, जसा बाचा हात त्यात आहे. लोक टाळ्या वाजवत होते, मला मात्र कानस ऐकू येत होती.

५ एप्रिल

एस्टी. सोंग मांडीवर. कुणी विचारलं नाही काय आहे. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं वाटतं.

६ एप्रिल

लाकूड काढून सोंग पाटीत ठेवलं. कुणी बघितलं नाही. पांढऱ्या कडांना काजळी फासली, पण बोराएवढी भोकं कशानं झाकू!

बा ओट्यावर असतो. मी आलो तर म्हणाला, "कोन, छगन का?" दारात समोर उभा होतो. आई सारखी त्याच्या आगंमागं. मला बघून डोळे पुसते. काय समजायचं ते समजलो.

शुक्रवारी सकाळी पाटी उतरवायची. अजून तीन दिवस. पळून जावं असं मनात येतं. मग बाचा हात कोण धरणार?

९ एप्रिल, शुक्रवार, दुपार

बानं सकाळी नारळ फोडला, पाटी सोडली, सोंगावरनं बोटं फिरवली. डोळ्यांपाशी थांबली.

"कुनी कोरलं?"

सगळं सांगितलं. लाकूड, कोंबडा, कानस. तुमचे डोळे माझ्यामुळं गेले हेही बोललो. बा ऐकत होता, पण माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या शेजारच्या खांबाकडं बघत होता.

म्हणाला, "येडा का काय! दोन सालं झाली, मला तुझं त्वांड दिसलं न्हाई. सोंगात आसलं की कुनाला कळत न्हाई, म्हनून नाचत व्हतो. तुझ्या आयेबिगर कुनाला म्हाईत न्हाई, गुर्जींस्नी नुसती अंधारी सांगितली."

मग सोंग माझ्या हातात दिलं.

"भोकं मोठी झाली, बरंच झालं. आता तू घाल. हात मी धरतो."

मी म्हणालो, "बा, मला दिसतंय की यातून."

"तुला दिसतंय रं," बा म्हणाला. "मला धराया पायजे."