सांबरासाठी फुटवलेली पालवी

आई,

परवा तुझ्या तिथीला बाबाने ती गोष्ट पुन्हा सांगितली. ग्लेन वेव्हर्लीच्या घरी दहा-बारा माणसं जेवायला होती, स्प्रिंगफील्ड लेक्सहून काका-काकूही आले होते. खीर वाढता वाढता बाबा मध्येच थांबला आणि म्हणाला, "समोर सांबर, पोरीने बंदूक रोखलेली, आणि हा मागून ओरडला, वाचवलं त्याला! कोणी शिकवलं याला? आईचे संस्कार, दुसरं काय." काकूने डोळ्यांना पदर लावला. काकाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी खाली मान घालून खीर ढवळत बसलो, आणि सगळ्यांना वाटलं की मला भरून आलंय. मला संताप आला होता. बाबाचा, तुझा, सगळ्यांचाच. म्हणून हे लिहितोय. निदान तुला तरी खरं कळू दे.

आधी हे ऐक की मी युनी सोडली. क्लेटनला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. लॅबमध्ये माझ्या गटात एक मुलगी होती, गिप्सलँडच्या डोंगरांतली, हसताना डोळे पूर्ण मिटायचे तिचे. तिच्या बापाची तिकडे जंगलाची मोठी जमीन आहे आणि घरातली सगळीच शिकारी. ती म्हणाली, "डॅडना हाताखाली माणूस हवाय, वीकेंडला येतोस?" मी वीकेंडला गेलो आणि चौदा महिने राहिलो. बाबा फोनवर ओरडला, "लाकूडतोड्या व्हायला आणलं का रे तुला या देशात?" मीही ओरडलो. घरी कपडे न्यायला आलो तेव्हा लाँड्रीच्या दाराला लाथ घातली, तिथे अजून भोक आहे. तू म्हणायचीस ना, तुझ्या डोक्यापेक्षा कुकर बरा, त्याला शिट्टी तरी असते.

काम काय होतं ते सांगतो, कारण कामावर माझं प्रेम होतं, हे मी अजून कोणाला बोललेलो नाही. तिच्या म्हाताऱ्या बापाला सांबरं आपल्या रानात यायला हवी होती, पण आमिष दाखवून नाही. "मका टाकून बोलवायचं, तर गोठ्यात जाऊन गाय मार की, मेट," असं म्हणायचा. त्याचं रान जुनं, वर पानांचं छप्पर इतकं दाट की खाली ऊनच नाही. जमिनीवर नुसता पाचोळा, सांबराच्या तोंडाला लागेल असं काहीच नाही. मग आम्ही मधली काही झाडं काढून ऊन खाली आणलं. गुरांनी शिरू नये, पण सांबराला उडी मारता यावी एवढंच कुंपण घातलं. वॅटलची झाडं, ती पिवळ्या फुलांची, ती कमरेएवढ्या उंचीवर करवतीने निम्म्याहून जास्त कापायची आणि हळू ढकलून आडवी करायची. सालीच्या एका पट्ट्यावर झाड जगतं, आणि जो पाला वीस फुटांवर होता तो सांबराच्या तोंडाशी येतो. पहिल्या आठवड्यात मी सगळी आरपार कापून टाकली. म्हातारा म्हणाला, "झाडाने काय केलंय तुझं? थोडं राहू दे त्याला." 

कुंपणाच्या आतल्या कोवळ्या झुडपांचे मात्र मी शेंडे खुडत सुटलो. ते मला कोणी शिकवायला नको होतं. हिवाळ्यात तुझी कढीपत्त्याची कुंडी लाँड्रीच्या खिडकीत यायची. मी सात-आठ वर्षांचा, आमटीसाठी पानं आणायला जातो आणि मूठभर ओरबाडून आणतो, आणि तू हातावर चापट मारतेस. "ओरबाडू नको रे राक्षसा. शेंडा खूड. एक खुडला की खालून दोन फुटतात." तसंच झालं तिकडे. वसंतात अशी पालवी फुटली की म्हातारा टोपी मागे सारून बघतच राहिला. "कुठे शिकलास?" म्हटलं, आईच्या स्वयंपाकघरात. मग सांबरं यायला लागली. ती पूर्वी आपल्याच देशातून बोटीने आणलेली, असं तो सांगायचा, आणि चिखलात खूर उमटलेला दिसला की मला हाक मारायचा, "ये, तुझा गाववाला येऊन गेला बघ!"

आणि हे सगळं मी तिच्यासाठी करत होतो. तिने आयुष्यातलं पहिलं सांबर मी फुलवलेल्या तुकड्यावर मारावं, आणि मी शेजारी असावं. हसू नकोस. माझ्या डोक्यात एवढंच होतं. तिला मी बोललो नव्हतो. मला वाटलं, रान बोलेल.

ती आली सुट्टीत, शेजारच्या फार्मवरच्या एकाला घेऊन. त्याची ओळख करून देताना त्याच्या बाहीचा धागा काढत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं वाऱ्याच्या उलट बाजूला बसलो, ती दोघं पुढे, मी मागे. उजाडतंय. गवतावर दहिवर आहे. झाडीतून एक तरुण नर बाहेर येतो, कान फिरवतो, आणि माझ्या हाताने आडव्या झालेल्या वॅटलचा पाला खायला लागतो. अगदी आरामात, घरचं जेवण असल्यासारखं. ती बंदूक उचलते. तो फार्मवाला तिच्या पाठीवर हात ठेवतो आणि कानात म्हणतो, "घाई नको, लव्ह." त्या हाताकडे बघता बघता मी ओरडलो.

गोळी सुटलीच. फक्त चुकीच्या जागी लागली, पोटात. माझ्या ओरडण्याने वाचलं म्हणे! ओरडलो नसतो तर ते जागच्या जागी पडलं असतं, पाला तोंडात असताना. आम्ही त्याच्या मागे नेच्यांच्या घळीतून दुपारपर्यंत फिरलो. गोळीचा आवाज ऐकून म्हातारा आला होता, शेवटी त्यानेच त्याला संपवलं. मग माझ्याकडे वळला. "बंदुकीच्या मागे माणूस ओरडत नाही. का ओरडलास?" ती समोर उभी होती, हुंदके देत. मी म्हणालो, "माझ्या आईला हे आवडलं नसतं. ती आता नाही."

म्हाताऱ्याने टोपी काढली. "सॉरी, मेट," म्हणाला. ज्याने मला हाकलायला हवं होतं त्याने माझी बॅग गाडीत ठेवली, स्टेशनपर्यंत सोडलं आणि बाबाला फोन करून सांगितलं, सांबरासाठी ओरडला, पोरगा मनाने चांगला आहे.

तुला आवडलं नसतं! तू, जी रविवारी मटणाची नळी फोडून चोखायचीस. तू त्या सांबराचंही विचारलं असतंस, मांडीचा तुकडा आणलास का रे? पण बाबाने तू गेल्यावर मांसाहार सोडला आणि हळूहळू तुझ्याही ताटातून काढून टाकला. आता तू कायमची सात्त्विक आहेस, आणि त्यात मी भर घातली.

तरी तुझ्याबद्दलचा राग जात नाही. मी सतरा वर्षांचा होतो, बारावीला. तुम्हा दोघांना तुझा आजार चार महिने माहीत होता आणि मला म्हणालात, ॲसिडिटी आहे. परीक्षा होऊ दे, मग सांगू. शेवटचा पेपर देऊन मी गाडीत बसलो, गाडी घराकडे वळलीच नाही, थेट हॉस्पिटलला. तुला तेव्हा बोलता येत नव्हतं. ते मार्क छान पडले, आई. त्याच मार्कांवर युनी मिळाली आणि तिथल्या प्रत्येक परीक्षेला बसताना मला वाटायचं, आता बाहेर कोण मरतंय?

त्या सकाळी मला तुझी आठवण आलीच नव्हती. तू नंतर आलीस, सबब हवी होती तेव्हा.

बाबाला सांगायला दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तो पोळ्या करत होता. आता माझ्यासाठी थांबतो जेवायला, युनीचा विषय काढत नाही, पहिली गरम पोळी माझ्या ताटात टाकतो. मी सांगितलं नाही. हे कागदही त्याच्या हाती लागणार नाहीत असे ठेवीन. तुम्ही लपवलंत ते माझं भलं व्हावं म्हणून, असं तरी तुम्ही म्हणू शकता. मला तसं काही म्हणता येत नाही. मला ती पहिली पोळी सोडवत नाही, एवढंच.