पडवीतली चूल

उमेळे, रविवार, मे १९८२

कंबर पार गेली आज. लेक बायको-पोरीला घेऊन नाशिकहून सुट्टीला आलाय, दिवसभर नात कडेवर. ती उतरायला तयार नाही आणि मला तरी कुठे उतरवायची होती. विलासला इथल्या सातिवलीच्या कारखान्यात कामाला बोलावलंय. पगार नाशिकपेक्षा कमी, पण राहायला आपलं घर. सकाळपासून तेच चाललंय त्याचं, भाडं वाचेल, वाडीतली केळी, भाजी. सूनबाई मान खाली घालून तांदूळ निवडत बसलेली. तिला गाव नको असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी भांडी घासताना तीच बोलली, "आई, कमी पगारात मी भागवीन. पण नाशिकला माझी चूल माझी आहे. इथं मीठसुद्धा तुम्हाला विचारून घालायचं."

असं होतं का खरंच? होत असेल. पण एका घरात दोन चुली म्हटल्यावर गाव काय बोलेल?

शेवटी म्हटलं, "मागच्या पडवीत मांड तुझी चूल. गावाला मी बघते."

ती हसली. "आणि पोरगी कुणाकडे जेवणार?"

"जिचं कालवण चांगलं तिच्याकडे."

विलासला सांगायला गेलीय ती. म्हणजे येतील बहुतेक. आणि मी मात्र एकटीपुरताच भात लावायचा, एरवीसारखाच. असू दे. भिंतीपलीकडून पोरीचा आवाज तर येईल.